श्वास भरून, श्वास सोडून

४ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी आत्ता कुठे उत्तराला बसलेय. तेव्हा आधी मनातल्या मनात मला दोन शिव्या घालून घे, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. सबब एवढीच की या तीन आठवड्यांत मी नऊ गावांत गायले आणि नऊ हॉटेलांत झोपले. सगळ्या खोल्या सारख्याच. सकाळी उठल्यावर न्हाणीघर डावीकडे की उजवीकडे हे आठवेपर्यंत दोनदा कपाटाचं दार उघडते. परवा एका कपाटाची तर मी माफीही मागितली.

दमलेय मी. हे तुलाच लिहिते. बाकीच्यांना सांगते की मजेत आहे, कारण दमले म्हटलं की लोकांना लगेच काहीतरी उपाय करावासा वाटतो. तू नुसतं वाचतेस, म्हणून तुला सांगायला बरं वाटतं.

बातमी अशी की मला जीवनगौरव मिळाला. पंचावन्नाव्या वर्षी. हॉटेलातल्या दुपारच्या चहाच्या वेळी गाणारी एकवीस वर्षांची पोरगी, जिच्या आवाजाने लोकांच्या कपबश्या थांबायच्या म्हणून मॅनेजर वैतागायचा, तिला आता हारतुरे. पेपरवाल्याने लिहिलंय की जॅझ गाणाऱ्या बायका खूप झाल्या, पण अशी शांतता कुणी गायली नाही. 'पूर्वी ती सूर धरायची, आता ती शांतता धरते.' वाचून बरं वाटलं, आणि मग पेपर उलटा करून ठेवला. मी काही धरत नाही गं, नुसती उभी असते.

आणखी एक. दोन वर्षांचा मोठा दौरा ठरतोय, चौसष्ट कार्यक्रम. तीस जूनपर्यंत करारावर सही करायची आहे. झाली की सात नवे ड्रेस लागतील. पण आधी एक, मार्चअखेरच्या कार्यक्रमांसाठी, गडद निळा.

मापं तुझ्या पद्धतीने दोनदा घेतली आहेत. जगातले बाकीचे शिंपी छाती एकदाच मोजतात, तू मात्र गेली चौतीस वर्षं मला श्वास भरून एकदा आणि सोडून एकदा मोजायला लावतेस, कारण पहिल्याच ड्रेसच्या वेळी मी स्टेजवर श्वास भरला आणि शिवण टर्रकन उसवली होती. छातीखालचा घेर: भरून बत्तीस इंच, सोडून एकतीस. बाकी सगळं मागच्यासारखंच.

दादाला सांग, त्याने लहानपणी नाव ठेवलेला भोंगा अजून वाजतोय.

तुझी,
भोंगा

१५ फेब्रुवारी

भोंगाबाई,

जीवनगौरव मिळाल्याचं आम्हाला तुझ्या पत्राआधी पेपरातून कळलं. तुझ्या दादाने कात्रण काढून ठेवलंय आणि भेटेल त्याला दाखवतोय. तीस वर्षं बस चालवली, तरी एवढ्या प्रवाशांशी कधी बोलला नसेल. मला मात्र म्हणतो, तिला लिहू नकोस, डोक्यात हवा जाईल.

आता मापांचं. भरून बत्तीस? तुझं भरल्याचं माप पहिल्यापासून चौतीस. मला आधी वाटलं, टेप ताणली असेल. पण टेप ताणली असती तर सोडल्याचंही माप कमी भरलं असतं. ते तर जिथल्या तिथे एकतीस आहे. म्हणजे दोष टेपचा नाही, तुझा. तू पलंगावर बसून मोजलंस. नाही म्हणू नकोस, मी तुला ओळखते. बसलेल्या माणसाच्या पोटात श्वास अडकतो, छातीत जात नाही.

नवी टेप पाठवतेय. जुनीच्या टोकाची पितळी पट्टी कधीच पडलीय, ती फेकून दे. उभी राहा, पाठ भिंतीला लाव, हात खाली सोड, श्वास पुरता भर, आणि स्वतः मोजू नकोस. हॉटेलात कुणीतरी बाई असेल, तिला मोजू दे. मग पत्र लिही. तोवर मी कापडाला कात्री लावणार नाही.

दुकानात बरं चाललंय. काचेत तुझा फोटो आहे तोवर गिऱ्हाइकाला तोटा नाही. परवा एक बाई आल्या, म्हणाल्या, गळा अगदी त्यांच्यासारखा करा. म्हटलं, गळा करून देते बाई, त्यातून काय निघेल याची हमी नाही. त्या काही हसल्या नाहीत.

दमलीस तर झोप. उपाय सांगत नाही, नुसतं लिहितेय.

वहिनी

२ मार्च

वहिनी,

हरले. पलंगावर बसूनच मोजलं होतं, आणि वर घाईत. तुझ्यापासून काही लपत नाही.

टेप मिळाली. हॉटेलात साफसफाईला येते त्या बाईने मोजलं, मी तू सांगितलंस तशी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. भरून चौतीस, सोडून एकतीस. झालं तुझं समाधान? आता कात्री लाव.

तालमी सुरू आहेत. आमचा सॅक्सोफोनवाला म्हातारा हल्ली माझी वाक्यं पुरी करायला लागलाय, जुन्या नवऱ्यासारखा. मी एक ओळ अर्ध्यावर सोडते, तर हा उरलेली वाजवून टाकतो. मी म्हटलं, मला बोलू दे की रे. तो नुसता हसला आणि वाद्याची वेताची पट्टी तोंडात धरून ओली करत बसला. एकवीस वर्षं माझ्या डाव्या हाताला उभा आहे. माझ्या लग्नापेक्षा चौदा वर्षं जास्त.

हॉटेलातल्या त्या चहाच्या वेळची आठवण आली परवा. तुझं नुकतंच लग्न झालं होतं. दादा म्हणाला होता, बायका दुपारी लोकांसमोर गातात हे बरं दिसत नाही, आणि तू म्हणालीस की बरं दिसेल असा ड्रेस मी शिवते. अस्तराचं कापड होतं ते, बाहेरचं कापड घ्यायला जमलंच नव्हतं. दिव्यात रेशमासारखं दिसायचं. मी अजूनही नवा ड्रेस घातला की तो सळसळ आवाज आधी ऐकते.

दौऱ्याचा करार आलाय. चाळीस पानांचा. वाचून होईस्तोवर सही करायचं वय निघून जाईल.

भोंगा

२१ मार्च

भोंगाबाई,

ड्रेस पार्सलने पाठवलाय, पत्र वेगळं टाकतेय. घालताना दोन गोष्टी लक्षात ठेव, दर वेळी सांगते तरी दर वेळी विसरतेस. काखेखाली दोन्ही बाजूंना आतून एकेक घडी आहे. श्वास भरलास की ती उघडते, सोडलास की मिटते, बाहेरून कुणाला दिसत नाही. तिच्यावर इस्त्री फिरवू नकोस, मी दाबून दिलीय तेवढी पुरे. आणि हूक वरून खाली लाव, खालून वर नाही.

निळा रंग तुला शोभेल. शिवताना मशीनवर दोनदा सुई मोडली, कापड जाड आहे. पूर्वी सुई डोळे मिटून ओवायचे, आता चष्मा नाकावर चढवूनही दोरा बाजूने जातो. पण झाला. चांगला झालाय.

कार्यक्रम रेडिओवर आहे म्हणे. ऐकू.

वहिनी

१८ मे

वहिनी,

ड्रेसचं इतकं कौतुक झालं की गाण्याचं राहून गेलं. अकरा कार्यक्रम केले त्याच ड्रेसवर. शेवटच्याला मागचा वरचा हूक तुटला, म्हणून परत पाठवतेय. मी हल्ली उंच स्टुलावर बसून गाते, त्याची पाठ लोखंडी आहे, तिच्यात अडकला. बसून गाणं ही आता फॅशन आहे, घाबरू नकोस. बरं दिसतं. जवळिकीचं वाटतं म्हणे लोकांना.

एका मुलाखतीत विचारलं की तुमच्या गाण्यातला ठहराव कुठून आला. मी म्हटलं, वयातून. बाईने ते वहीत लिहून घेतलं, जणू मोठं काही बोलले. तुला सांगते, पूर्वी मी जीव तोडून गायचे तेव्हा लिहायचे, 'आवाज आहे, खोली नाही.' आता निम्मं गाते तर म्हणतात, काय खोली.

दौऱ्याचं नक्की आहे. व्यवस्थापक रोज फोन करतो, तीस जूनची आठवण करून देतो. सही होईलच. तू सात ड्रेसांची तयारी कर, मापं हीच, बदल काही नाही. हीच घडी, हेच हूक. तुझ्या दुकानाच्या काचेत दोन वर्षं पुरेल एवढं काम होईल. तेवढाच माझा उपयोग.

दादाची पाठ कशी आहे?

भोंगा

२९ मे

वन्सं,

तुमचा निळा ड्रेस मिळाला. हूक लावून झाला. दहा मिनिटांचं काम होतं.

पण ड्रेस हातात आला की मी तो उलटा करून बघते, ही माझी सवय आहे. दर वेळी तुमचा ड्रेस परत येतो तेव्हा काखेखालची घडी मऊ पडलेली असते. तीन कार्यक्रम झाले की इस्त्रीची रेघ जाते, पाच झाले की आतली खडूची खूण पुसते, दहा झाले की तिथले टाके मला पुन्हा घालावे लागतात. चौतीस वर्षांत हे कधी चुकलेलं नाही. पांढऱ्या ड्रेसची घडी तर एका कार्यक्रमात फाटली होती, तुम्ही शेवटच्या गाण्यातला सूर मोजता न येण्याइतका लांबवला होतात तेव्हा.

या ड्रेसवर अकरा कार्यक्रम झाले असं तुम्ही लिहिता. झाले असतील. कॉलरपाशी घाम आहे, खाली बसून बसून पडलेल्या चुण्या आहेत. पण घडी मी पाठवली तशीच आहे. रेघेने बोट कापेल. खडूची खूण आत जशीच्या तशी, मी काल काढल्यासारखी.

अकरा कार्यक्रमांत ती एकदाही उघडली नाही.

तुमचं भरल्याचं माप चौतीस नाही. मला खोटं माप पाठवलंत. मला. बाकी कुणाशी काहीही बोला, ते तुमचं काम आहे. शिंप्याला खोटं माप देऊ नये, एवढं साधं तुम्हाला कळायला हवं होतं.

खरं काय ते कळेपर्यंत मी सातातला एकही ड्रेस शिवणार नाही. निळाही माझ्याकडेच राहील.

यांची पाठ बरी आहे.

तुमची वहिनी

६ जून

वहिनी,

वन्सं म्हटलंस तेव्हाच कळलं. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर तू मला कधी 'अहो' म्हटलं नव्हतंस.

खरं सांगते. नव्या टेपने मी खरंच मोजून घेतलं होतं. त्या साफसफाईच्या बाईने. भिंतीला पाठ, हात खाली, सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे. बत्तीस आलं. पुन्हा मोज म्हटलं. पाव इंच कमीच आलं. तिसऱ्यांदा मी इतका श्वास भरला की डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी बत्तीसच्या वर टेप गेली नाही. तिला वाटलं तिलाच मोजता येत नाही. ती माझी माफी मागायला लागली. मी तिला सांगितलंसुद्धा नाही की तुझं बरोबर आहे. तिला दार लावून घ्यायला सांगितलं आणि तुला चौतीस लिहिलं.

दोन वर्षं झाली याला. तुला आमचं शेवटचं गाणं माहीत आहे, रिकाम्या खुर्चीचं. त्याच्या शेवटी सगळे थांबतात, ड्रम थांबतो, बास थांबतो, आणि मी एकटी एक सूर धरून ठेवते. ज्याच्यावर माझं सगळं नाव झालं तो सूर. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तो मध्येच खाली बसला. तुटला नाही, बसला. त्याच क्षणी डाव्या बाजूने सॅक्सोफोनवर नेमका तोच सूर सुरू झाला, इतका अलगद की लोकांना वाटलं तसंच बसवलेलं आहे. नंतर म्हातारा त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. मी त्याला कधी विचारलं नाही, आभारही मानले नाहीत. त्यानंतर तो दर वेळी थोडा आधी येतो. आता तर मी जेमतेम सुरुवात करते आणि बाकीचा सूर त्याचाच असतो. यालाच ते शांतता म्हणतात.

डॉक्टरांकडे गेले होते. फुप्फुसांचा खालचा भाग कडक होत चाललाय. वाळलेल्या स्पंजासारखा, असं त्यांनी सांगितलं. तो पुन्हा मऊ व्हायचा नाही, पण सांभाळलं तर आजार हळू वाढेल. दौरा करायचा नाही, विमानं नाहीत, गाण्याचा जोर नाही. मी म्हटलं, विचार करते. ते म्हणाले, यात विचार करण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही.

आहे वहिनी, विचार करण्यासारखं आहे. मी थांबले तर तुझ्या काचेतला तो फोटो कुणाचा? जुन्या गायिकेचा. वर्षभरात गिऱ्हाइकं जातील. दादाची बसची नोकरी सुटल्यावर ते दुकानच तुमचं सगळं आहे, आणि ते माझ्या नावावर चालतं हे मला माहीत आहे. मी सही करणार होते ती अर्धी त्याच्यासाठी.

अर्धी माझ्यासाठी, हेही लिहून टाकते. सकाळी उठून घसा साफ केला नाही तर मग करायचं काय, हे मला माहीत नाही. चौतीस वर्षं कुणी विचारलं, आपण कोण, तर एकच उत्तर होतं. ते गेलं की उरतं कोण?

खूप दमलेय. श्वास भरण्यात जितकी दमत नाही तितकी भरल्याचं नाटक करण्यात दमते.

रागावू नकोस असं म्हणत नाही. पण अहो म्हणू नकोस.

भोंगा

१४ जून

भोंगे,

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं. पहिलं फाडलं, दुसऱ्यावर चहा सांडला, आता हेच जाईल.

तू मला खरं लिहिलंस, आता माझंही ऐक. हे दुकान मला सहा वर्षांपासून बंद करायचंय. माझे डोळे गेलेत. सरळ शिवण मी आता बोटाने चाचपून घालते. तुझा निळा ड्रेस शिवायला मला दोन आठवडे लागले, पूर्वी दोन दिवसांत व्हायचा. बाकीची कामं मी शेजारच्या शिंपिणीकडून करून घेते आणि गिऱ्हाइकांसमोर नुसती टेप गळ्यात घालून उभी राहते. बंद केलं नाही कारण काचेत तुझा फोटो आहे. तू तिकडे राबतेस आणि मी इकडे तुझ्या फोटोसमोर कुलूप घालू, हे मला जमलं नाही. मला वाटायचं, तुला कळलं तर तुझा धीर खचेल.

म्हणजे तू माझ्या दुकानासाठी गातेस आणि मी तुझ्या गाण्यासाठी दुकान उघडते. दोन म्हाताऱ्या बायका एकमेकींना उभं धरून बसल्यात आणि दोघींचेही पाय दुखतायत. तुझ्या दादाला हे वाचून दाखवलं तर तो इतका हसला की त्याच्या पाठीत पुन्हा उसण भरली. मग त्याने चष्मा पुसला, आणि पुसतच राहिला.

माझ्यासाठी गात असशील तर कृपा कर, थांब.

आणि कोण उरेल विचारतेस. अगं, आमच्या घरात तू गायिका कधी होतीस? रेडिओवर तू लागलीस की तुझा दादा अजूनही आवाज लहान करतो, कारण त्याला वाटतं शेजारचे तक्रार करतील, लहानपणी करायचे तशी. इथे तू त्याची धाकटी बहीण आहेस, जी भात करपवते आणि मग खिडकी उघडायची विसरते. ती काही कुठे गेलेली नाही. तिला श्वास कमी पुरत असेल, तर ती हळू बोलेल.

तुझा दादा एवढंच म्हणाला, 'गाडी तापली की बाजूला घ्यायची. प्रवासी ओरडतात. ओरडू द्यायचं.' याहून जास्त त्याच्याकडून येणार नाही.

निळा ड्रेस परत पाठवतेय. एकोणतीस तारखेचा दुपारचा कार्यक्रम ठरलेला आहे, तो कर. त्यात घडी आता नाही. दोन्ही बाजूंनी आतून शिवून टाकलीय, कायमची. तीस तारखेचं तुझं तू ठरव. मी सांगायचं ते सांगितलं.

वहिनी

२ जुलै

वहिनी,

तालमीच्या वेळी मी म्हाताऱ्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, शेवटच्या गाण्यात तू वाजवायचं नाहीस. मी जिथे थांबेन तिथे थांबेन. त्याने वाद्य गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवलं. मग म्हणाला, 'बरं झालं. तुझी जागा भरताना माझाच दम जायला लागला होता. मीही सत्तरीचा झालो.' वहिनी, म्हणजे तोही. आमच्यात न दमलेलं कुणी होतं की नाही कोण जाणे.

दुपारचा कार्यक्रम, हॉल भरलेला. मी उभी राहून गायले. शेवटचं गाणं आलं. ड्रम थांबला, बास थांबला, मी सूर लावला आणि तो जेवढा चालला तेवढा चालू दिला. फार नाही चालला. तू एक सुई ओवशील, पूर्वी ओवायचीस तशी, तेवढाच. मग संपला. डाव्या बाजूला काहीच वाजलं नाही. म्हाताऱ्याने वाद्य खाली धरलं होतं आणि तो जमिनीकडे बघत होता.

मी लोकांना म्हटलं, 'माझा श्वास इथे संपला. मी आता गाणं थांबवतेय.'

त्यांना वाटलं हेही गाण्यातलंच आहे. सगळे उठून उभे राहिले. इतका वेळ टाळ्या वाजवल्या की मला स्टुलावर बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की एवढा धीट शेवट आजवर कुणी केला नाही, आणि आता पुढे काय याची उत्सुकता आहे. व्यवस्थापकाचा फोन आला, दौरेवाले आता दोन नाही, तीन वर्षं म्हणतायत. दोन वर्षांत पहिल्यांदा मी खोटं न मिसळता एक वाक्य बोलले, आणि ते वाक्यही त्यांनी कार्यक्रमात घेतलं. आधी मला रडू आलं, मग हसायला लागले, आणि हसता हसता खोकला आला, तो थांबेना.

तीस तारखेला सही केली नाही. करार कोराच परत पाठवला. व्यवस्थापक म्हणाला, पश्चात्ताप होईल. होईलही. आज सकाळी घसा साफ करायला उभी राहिले आणि आठवलं की नको आहे. तशीच उभी राहिले थोडा वेळ. वाईट वाटलं. खूप वाटलं. पण वहिनी, ते पडून राहिल्यावर वाटावं तसं होतं, ओझं घेऊन चालताना वाटतं तसं नव्हतं.

मी येतेय. पंधरा तारखेला, दुपारच्या गाडीने. सामान एक बॅग. दादाला स्टेशनवर पाठवू नकोस, त्याच्या पाठीला नको. एकच मागते. तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी हळूहळू येईन, प्रत्येक मजल्यावर थांबत, पण वर पोचल्यावर मला पाच मिनिटं कुणी काही विचारू नका. बोलता येणार नाही मला. तुम्ही दोघं दारात उभे असाल आणि मला एक शब्द फुटणार नाही, याची मला आतापासून लाज वाटतेय.

भोंगा

८ जुलै

भोंगे,

जिना चढायचा नाही. दुकान बंद केलं. मशीन शेजारच्या शिंपिणीला दिलं, काचेतला फोटो काढून आत भिंतीला लावला. तळमजल्यावरची ती दुकानाची खोली आता तुझी. खाट खिडकीशी टाकलीय, कपड्यांना कपाट आहे, न्हाणीघर उजवीकडे. ट्रायलचा पडदा तेवढा ठेवलाय, आड व्हायला उपयोगी पडेल. आम्ही दोघं उतरून येत जाऊ, उतरायला आम्हाला काही होत नाही.

पाच मिनिटांचं तुझ्या दादाला सांगितलं. तो म्हणाला, 'भोंगा पाच मिनिटं गप्प बसेल?' म्हटलं, बसेल. मग तो पाना शोधून खाली गेला, आणि तुझी खाट हलते का ते बघत, तिचे चारही पाय आवळत बसलाय.

वहिनी